मुदत पावसाळ्यापुरती

सातारा शहर मागे टाकून यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता डोंगराच्या माथ्यावरूनच पश्चिमेला निघतो. एका हाताला खाली उरमोडीचं पाणी आणि सज्जनगड, दुसऱ्या हाताला कण्हेर धरण. भाद्रपदात ढग खाली उतरलेले असतील तर दोन्हीकडे नुसता पांढरेपणा. पेट्री जातं, आटाळी जातं आणि पंचवीसेक किलोमीटर संपत येतात तशी झाडं एकाएकी थांबतात. पुढे उघडा, सपाट सडा. हेच कास पठार. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर, विस्तार साधारण दहा चौरस किलोमीटर. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत याचाही समावेश आहे.

सप्टेंबरात इथे येणारा प्रत्येक जण रंग पाहायला येतो आणि रंग खरोखरच डोळ्यांत मावत नाहीत. पण मला या पठाराची ओढ लागली ती वेगळ्या कारणानं. फुलझाडाचं अख्खं आयुष्य, म्हणजे रुजणं, वाढणं, फुलणं, फळणं आणि बी टाकून मरणं, इतक्या थोड्या दिवसांत आणि इतक्या उघड्यावर पाहायला मिळेल अशी जागा मला दुसरी ठाऊक नाही. हे सगळं सुरू होतं पायाखालच्या दगडापासून, म्हणून आधी तो पाहायचा.

सह्याद्रीचा मूळ खडक काळा बेसॉल्ट. लाखो वर्षांच्या उन्हापावसानं तो कुजत गेला, विरघळणारं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे राहिली. तो हा जांभा. कासवर जांभ्याची ही टोपी आहे आणि तिच्यावर माती म्हणाल तर काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तीही नाही. जूनपासून पाऊस कोसळतो तेव्हा सडा पाण्यानं तुडुंब असतो, कारण पाणी खाली झिरपायला जागा नाही. पाऊस थांबला की तेच पाणी बघता बघता उडून जातं आणि उन्हाळ्यात दगड इतका तापतो की हात ठेववत नाही. चार महिने दलदल आणि आठ महिने तवा. मोठं झाड इथे मुळं कुठे नेणार? जिथे भेगेत थोडी माती साठली आहे तिथे झुडूप दिसतं, बाकी सगळं राज्य घोट्याएवढ्या रोपांचं.

अशा जागी टिकायचे दोनच मार्ग आहेत. उन्हाळ्यात एक तर बी होऊन पडून राहायचं, नाही तर जमिनीत कंद होऊन. कासची जवळजवळ सगळी फुलझाडं या दोन गटांत बसतात आणि कुठलं फूल केव्हा दिसणार हेही त्यावरूनच ठरतं. कंदवाल्यांची गंगाजळी जमिनीत पुरलेली असते. गेल्या पावसाळ्यात पानांनी तयार केलेलं पिठूळ अन्न कंदात शिल्लक असतं, त्यामुळे पहिला पाऊस पडला की ती थेट फुलोरा काढू शकतात, पानांची वाट पाहावी लागत नाही किंवा पानं आणि फूल बरोबरच येतात. जून-जुलैत म्हणून पांढऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, दिसतात, दीपकाडी दिसते, रानहळद आणि चवर दिसते. चवर महाराष्ट्रातल्या सह्याद्रीपुरतीच, जगात इतरत्र नाही. बियांवाल्यांकडे अशी शिल्लक नसते. मोहरीहून कितीतरी लहान बी, त्यात अन्न जेमतेम पहिल्या दोन पानांपुरतं. पुढचं सगळं त्याच पावसाळ्यात कमवायचं. आधी मूळ, मग पानं, मग खोड, आणि अंगात बळ आल्यावर फूल. म्हणून त्यांचा बहर ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात येतो. लोक ज्याला ‘कासचा सीझन’ म्हणतात तो या वर्षायू रोपांचा शेवटचा महिना असतो.

प्रवेशाची नोंदणी आधीच करावी लागते आणि दिवसाच्या पर्यटकांवर मर्यादा आहे, ते बरंच आहे. आसपासच्या गावांतली माणसं वनव्यवस्थापन समितीच्या वतीनं इथे राखण करतात, माहिती सांगतात. त्यांतलेच एक वयस्क मामा माझ्याबरोबर चालत होते. आयुष्यभर याच सड्यावर गुरं राखलेला माणूस. पांढऱ्या गेंदाच्या ताटव्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ताई, गेंद उभा हाय तवर खाली पाणी हाय म्हणायचं. गेंद वाळला की आमी समजतो, पाऊस गेला.”

गेंदाचं पांढरं बटण जवळून पाहायला हवं, शक्य तर भिंगातून. ते एक फूल नाही. त्या छोट्याशा गोळ्यात बारीक फुलांची दाटी असते, काही नर, काही मादी. एकेकटं फूल कुठल्याही माशीच्या नजरेत भरलं नसतं. सगळी मिळून एक पांढरा ठिपका होतात आणि हजारो ठिपके मिळून पठारावर पांढरा पट्टा. सोनकीनंही हेच केलं आहे. आपण जिला सोनकीचं एक फूल म्हणतो ती बारीक फुलांची सभा असते आणि कडेची पिवळी ‘पाकळी’ म्हणजेही प्रत्येकी एक स्वतंत्र फूलच.

गेंदाच्या शेजारी, त्याच ओलीत, सीतेची आसवं. बोटाच्या पेरापेक्षा लहान निळसर-जांभळं फूल, बारीक दांड्यावर. वर एवढी नाजूक दिसणारी ही वनस्पती खाली शिकारी आहे. जांभ्याच्या या पातळ, आम्ल मातीत नत्र फारच थोडा, असतो तोही पाऊस धुऊन नेतो. नत्राशिवाय प्रथिनं नाहीत आणि प्रथिनांशिवाय वाढ नाही. सीतेच्या आसवांना खरी मुळंच नसतात. चिखलात पसरलेल्या धाग्यांवर अगदी बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला आक्रसून ठेवते, दाराशी केस असतात. एखादा सूक्ष्म जलचर त्या केसांना लागला की दार उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. या कुळातल्या काही वनस्पतींना त्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. वनस्पती हलत नाहीत असं शाळेत शिकलेल्या माणसानं ओल्या सड्यावर गुडघे टेकून हे आठवावं. थोडं पुढे, दगडाच्या कडेला दवबिंदू. त्याच्या पानांवरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो, त्यात चिलटं अडकतात. फूल मात्र त्या चिकट पानांपासून दूर ठेवलेलं. परागणाला येणारा पाहुणाच पोटात जाऊन चालणार नाही.

याच नत्राच्या प्रश्नाला कवल्याचं उत्तर वेगळं. पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके असलेलं ते फूल, ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात. कवला शेंगवर्गातला. तुरीसारख्या याच्याही मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू, आणि ते जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात बांधून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. कवल्याच्या एका जातीला स्मिथिया आघारकरी हे नाव आहे, मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या स्मरणार्थ. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे ते संस्थापक-संचालक, तिची स्थापना १९४६ची. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. एक मांसाहारी आणि एक भागीदारीवाला, वीतभर अंतरावर, एकाच उणिवेची दोन उत्तरं घेऊन उभे आहेत. मला या जागेहून हलवेना.

पण ऊन निघालं होतं आणि तेरड्यावर मधमाश्या आल्या होत्या. ही वेळ सोडायची नसते.

तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपण माणसांच्या उत्साहाबद्दल म्हणतो. फुलाच्या दृष्टीनं पाहिलं तर एवढ्याशा मुदतीत त्याला दोन वेगळी आयुष्यं जगायची असतात. उमललेला तेरडा आधी नर असतो. त्याचे पुंकेसर टोकाशी जुळून टोपीसारखे झालेले असतात आणि ती टोपी कुक्षीवर, म्हणजे मादीच्या टोकावर, चढलेली असते. मागच्या बाकदार शेपटीत मध असतो. मध प्यायला आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीला पराग लागतो. पराग संपले की टोपी गळून पडते आणि आतली कुक्षी उघडी होते. आता फूल मादी झालं. त्याच जागी पाठ घासणारी दुसरी माशी दुसऱ्या फुलाचा पराग तिथे ठेवून जाते. स्वतःचा पराग स्वतःवर पडू नये याची किती साधी तजवीज! मी ताटव्याच्या कडेला बसून टोपी असलेली आणि नसलेली फुलं वेगळी ओळखायला शिकले, आणि एकदा ओळखता आली की जांभळ्या गालिच्यात अचानक दोन प्रकारची फुलं दिसू लागतात.

पराग कुक्षीवर पडला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. खरा प्रवास तिथून पुढे. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची यानं १८२४ साली सूक्ष्मदर्शकाखाली घोळीच्या फुलाची कुक्षी पाहताना परागकणातून एक नळी बाहेर येताना पाहिली. घोळ म्हणजे तीच, जिची डाळ घालून आपण भाजी करतो. ही परागनळी कुक्षीतून खाली वाढत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत पोचते आणि दोन नरपेशी आत सोडते. दोन कशाला, याचं उत्तर यायला १८९८ उजाडलं. रशियन साम्राज्यात कीव्ह इथे काम करणाऱ्या सर्गेई नवाशिन यानं लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवून दिलं की एक नरपेशी अंडपेशीशी मिळते आणि तिचा गर्भ होतो, दुसरी शेजारच्या मध्यपेशीशी मिळते आणि तिचं होतं गर्भाचं अन्न. दुहेरी फलन म्हणतात याला. भाताच्या दाण्यात आपण जो भाग खातो तो हाच, दुसऱ्या फलनातून आलेला डबा. बाळ जन्मायच्या आधी त्याची शिदोरी बांधली जाते, आणि बाळ होणार हे नक्की झाल्याशिवाय ती बांधली जात नाही. मला तर फुलझाडांची सर्वांत मोठी हुशारी हीच वाटते. रंग आणि गंध तिथपर्यंत पोचण्याची सोय आहेत.

पण आमऱ्यांनी हा डबाही नाकारला. टूथब्रशसारखा फुलोरा असलेली आमरी पाहून सगळे हसतात आणि फोटो काढून पुढे जातात. तिचे पराग सुटे नसतात, गोळा करून दोन गाठोड्यांत बांधलेले असतात. किडा आला की अख्खं गाठोडं त्याला चिकटतं. एका फेरीत हजारो बीजांडांचं फलन होऊ शकतं आणि तितक्याच बिया तयार होतात, धुळीसारख्या. या बियांत अन्न साठतच नाही, साठवणीची पेशीजालं वाढता वाढता थांबतात. वाऱ्यानं कुठेही जाता यावं इतकं हलकं होण्याची ही किंमत आहे. बी जिथे पडेल तिथे विशिष्ट बुरशी असेल तरच ती रुजते, कारण सुरुवातीचं अन्न तिला ती बुरशी पुरवते. म्हणून जंगलातून उपटून आणलेली आमरी कुंडीत सहसा तग धरत नाही. कासहून कंद उकरून नेणाऱ्याला बुरशी नेता येत नाही.

पठाराच्या पलीकडच्या अंगाला, जुन्या राजमार्गानं चालत गेलं की कुमुदिनीचं तळं लागतं. पाण्यावर कमळासारखी गोल पानं, वर झालरीच्या कडेची पांढरी फुलं, मधोमध पिवळी. इथे गोंधळ होतो तो असा की एका रोपावर स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, तर दुसऱ्या रोपावर नेमकं उलट. रोपाचा प्रकार जन्मभर बदलत नाही. लांब स्त्रीकेसराच्या फुलाला पराग लागतो तो लांब पुंकेसराच्या फुलाचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रोपाचा. चार्ल्स डार्विननं एकाच जातीतल्या अशा वेगवेगळ्या फुलांवर १८७७ साली अख्खं पुस्तक लिहिलं. तेरड्यानं जे काम वेळ विभागून केलं तेच कुमुदिनीनं मापं बदलून केलं.

परतताना मामांनी दगडांच्या आडोशाला गवतात लपलेलं कंदीलपुष्प दाखवलं. सांगितलं नसतं तर दिसलं नसतं. खर्पुडीच्या या फुलाची उंच नळी असते, वर पाकळ्या टोकाला जुळून कंदिलासारख्या. वासाला भुलून बारीक माशी नळीत उतरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. माशी तळाशी फिरत राहते, तिच्या सोंडेला परागाची गाठोडी चिकटतात. पुढे केस कोमेजून पडतात, वाट मोकळी होते आणि ती माशी दुसऱ्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. मारायचं नाही, फक्त थोपवायचं. पुढे दोन-दोन शेंगा येतात, त्यांत रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या रेशमी केसांच्या बिया. दोघी एकाच कुळातल्या. महाराष्ट्रातल्या खर्पुडीच्या अनेक जाती इतक्या थोड्या जागी उरल्या आहेत की त्या कुठे आहेत हे लिहू नये. मीही लिहीत नाही.

आणि कारवी. पठारावर टोपली कारवी आहे, पालथ्या टोपलीसारखी गोल झुडपं, दर सात वर्षांनी एकदम निळी-जांभळी होणारी. उतारावर मोठी कारवी, जिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती डोंगरातल्या घरांना असतात. ती सात-आठ वर्षं नुसती वाढते, सगळा डोंगर एकाच वर्षी फुलतो, मधमाश्यांच्या पोळ्यांत कारवीचा मध भरतो आणि बी धरून कारवी मरते. इतकी वर्षं थांबून सगळ्यांनी एकदम का फुलायचं? एक मानलं जाणारं कारण असं की बी खाणारे किडे आणि पाखरं कितीही खाऊन उरेल इतकी बी एकदम टाकायची आणि मधली वर्षं त्यांना उपाशी ठेवायचं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या पहिल्या भिजण्यात तडतड फुटतात, बी दूर फेकली जाते. म्हणजे बी मातीवर पडते ती पाऊस आल्यावरच, आधी नाही.

मामांना मी कुंपणाबद्दल विचारलं. या पठाराला जाळी घातली गेली, त्यावरून बराच वाद झाला. “गुरं होती तवर गवत एवढं न्हवतं,” ते म्हणाले. काही अभ्यासकांचंही मत असंच आहे की चराई थांबल्यावर उंच गवत माजलं आणि त्यानं बुटक्या फुलझाडांचं ऊन अडवलं. मला मामांचं पटतं. सड्यावर माणूस आणि गुरं शतकानुशतकं होती, फुलंही होती. धोका वेगळ्या पायांचा आहे. सप्टेंबरात फोटोसाठी गालिच्यात बसलेल्या माणसाखाली जे चिरडतं ते या वर्षीचं फूल असतंच, शिवाय पुढच्या वर्षीचं रोपही असतं. कंदाचं फूल तुडवलं गेलं तर कंद खाली शाबूत असेल, पुढल्या आषाढात तो परत येईल. पण गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा यांच्याकडे दुसरं काही नाही. त्यांच्या या वर्षाला पुढच्या वर्षाशी जोडणारी एकच वस्तू म्हणजे बी, आणि ती बी फुलानंतर काही आठवड्यांनी पिकते. सगळ्यात जास्त गर्दी नेमकी त्याआधी होते.

म्हणून मी ऑक्टोबरातही जाते. तेव्हा तिथे कोणी नसतं. गालिचा तांबूस-तपकिरी झालेला असतो. तेरड्याची फुगीर बोंडं बोटानं नुसती शिवली तरी फटकन उघडतात, भिंतीच्या पट्ट्या क्षणात गुंडाळल्या जातात आणि बिया हातभर लांब उडतात. सोनकीच्या बियांना पांढरे केस आलेले असतात, त्या वाऱ्यावर जातात. गेंदाच्या वाळक्या गोळ्यातून धुळीसारखी बी झडते आणि जांभ्याच्या भोकाभोकांत जाऊन बसते. एप्रिलमध्ये वळवाच्या एखाद्या सरीनं दगड भिजतो, पण सगळ्या बिया काही लगेच रुजत नाहीत. बियांना सुप्तावस्था असते. ऊन, थंडी, ओल आणि उजेड यांचा ठरावीक क्रम झाल्याशिवाय अनेक बिया जाग्या होत नाहीत. चार दिवसांच्या ओलीवर विश्वास ठेवून रुजलेलं रोप मेच्या उन्हात संपेल.

ज्यांना गर्दी नको आणि फुलझाडाचं आयुष्य पहिल्यापासून पाहायचं आहे त्यांनी जुलैत जावं. साताऱ्याहून बामणोलीची एसटी कासवरूनच जाते. रंग कमी, धुकं भरपूर, वारा छत्री टिकू देत नाही, म्हणून रेनकोट हवा. भिंग न्यावं. रस्त्याच्या कडेलाच कंदवाल्या आमऱ्या आणि चवर फुललेली दिसेल. त्यांच्या मधल्या उथळ डबक्यांच्या काठावर हिरवी लव दिसते, शेवाळ वाटावं अशी. तोच गेंद आणि तीच सीतेची आसवं, दोन-दोन पानांची. पाय त्यांच्यावर पडू नये म्हणून दगडावरूनच चालावं.